यंत्राचा कान आणि बैठकीचे गाणे

इंझोरी हे आमचे आजोळ. वऱ्हाडच्या काळ्या मातीतले, पूर्वी अकोला जिल्ह्यात मोडणारे आणि १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा झाल्यापासून त्या जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात असलेले हे गाव संगीताच्या इतिहासात कोठे नोंदलेले नाही, व नोंदले जावे असे त्याने काही केलेलेही नाही. तथापि आपल्या संगीताच्या इतिहासासंबंधी जो एक विचार आमच्या मनात कित्येक वर्षे घोळत आहे, त्याचा उगम इंझोरीच्या एका ओसरीवर झालेला असल्यामुळे प्रारंभ तेथूनच करणे प्राप्त आहे.

१९८३ सालच्या जुलै महिन्याच्या ३० तारखेस वसंतराव देशपांडे पुण्यास निवर्तले. त्यानंतरच्या दिवाळीत आमच्या मामांच्या एका स्नेह्यांनी, जे पुण्यास नोकरीला होते, एक कॅसेट आणून दिली. तीवर निळ्या शाईने ‘वसंतराव, बैठक, मारवा’ एवढेच लिहिलेले होते. स्थळ नाही, तिथी नाही, साथीदारांची नावे नाहीत. कोणाच्या तरी दिवाणखान्यात झालेल्या गाण्याची ती प्रतीवरून केलेली प्रत, आणि त्या प्रतीमागेही आणखी किती प्रती होत्या कोण जाणे! यंत्र सुरू करताच प्रथम पावसासारखी खरखर ऐकू येई. मग तंबोरे जुळत. कोणी तरी खोकत असे. पेला खाली ठेवल्याचा आवाज होई. रस्त्यावरून सायकल घंटी वाजवीत जाई. एक लहान मूल रडू लागे आणि त्यास आत नेणाऱ्या बाईच्या बांगड्या किणकिणत. मग या सर्वांच्या मधूनच, जणू काही विशेष घडत नाही अशा रीतीने, षड्ज लागे.

मामांच्या घरी तत्पूर्वी तबकड्या होत्या. नागपूर आकाशवाणी तर १९४८ सालापासून वऱ्हाडातील घरोघर ऐकली जात होती. गाणे ऐकणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. नवल हे होते की, या कॅसेटीवर मामांचे व त्यांच्या चारसहा सोबत्यांचे जे प्रेम जडले, ते कोणत्याही तबकडीवर कधी जडले नव्हते. रात्रीची जेवणे झाली की मंडळी ओसरीवर जमत. त्यांत एक खंजिरी वाजविणारे भजनी गृहस्थ होते, ज्यांना रागाचे नावही ठाऊक नव्हते. समेवर येताच कॅसेटीतील मंडळी ‘वाहवा’ म्हणत, आणि त्यांच्याबरोबर हे गृहस्थही मान हलवून ‘वा बुवा’ म्हणत. आम्ही तेव्हा शाळकरी होतो व आम्हांस त्याचे हसू येई. आज येत नाही.

वसंतरावांविषयीच्या या ममतेस एक स्थानिक कारणही होते. त्यांचा जन्म २ मे १९२० रोजी मूर्तिजापूरचा. यवतमाळहून दारव्हा आणि कारंजा करीत मूर्तिजापुरास जाणारी ‘शकुंतला’ ही छोटी गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मूर्तिजापूर परके कसे वाटावे? ‘आपल्याकडचा माणूस’ हा शब्द ओसरीवर एकदा तरी उच्चारला जाईच. परंतु एवढ्याने उलगडा होत नाही. त्याच वसंतरावांच्या बाजारात मिळणाऱ्या मुद्रिकाही मामांजवळ होत्या. त्यांतील आवाज स्वच्छ होता, खरखर नव्हती, मूल रडत नव्हते. त्या कपाटात राहिल्या आणि ही कॅसेट झिजली. असे का व्हावे?

येथे कोणी म्हणेल की, वसंतरावांचे गाणे म्हणजे वीज. त्याला निवांत गाणे कसे म्हणता येईल? आक्षेप बरोबर आहे. त्यांची तान कोणत्या स्वरावरून उडी घेईल हे साथीदारालाही सांगता येत नसे. परंतु गाणे चपळ असणे आणि खोली शांत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पंधरावीस माणसांसमोर, ध्वनिवर्धकावाचून, रात्रीच्या निवांत प्रहरी गाणाऱ्यास कोणाला जिंकावयाचे नसते. आवाज मोठा करण्याचे कारण उरत नाही. तान आली तरी ती शेजारी बसलेल्यास गोष्ट सांगावी तशी येते; जागा फसली तर गवई स्वतःच हसतो व पुन्हा घेतो. आम्ही ज्यास निवांतपणा म्हणतो तो हा.

आता थोडे मागे जावे लागेल, कारण यंत्राने आपल्या गाण्यास काय केले हे समजल्याखेरीज या कॅसेटीची थोरवी कळणार नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्याच्या एका हॉटेलात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, ही आपल्याकडील ध्वनिमुद्रणाची सुरुवात. त्या काळी ध्वनिग्राहक नव्हता, भले मोठे कर्णे होते. गाणाऱ्याने त्या कर्ण्यात तोंड घालून, मान न हलविता, जोराने गावयाचे. दूर बसलेल्या तंबोऱ्याचा आवाज मेणावर उमटावयाचाच नाही. तबकडीची एक बाजू सुमारे ३ मिनिटांची. ज्या ख्यालास एरवी पाऊण तास लागावा, तो तेवढ्यात ‘आटोपावयाचा’. शेवटी गौहरजान इंग्रजीत आपले नाव पुकारीत, कारण मेणाच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात व तेथील कारागिरास गाणारी कोण हे कळावयास हवे. या घोषणेची पुढे मौज वाटू लागली, तरी तिचे मूळ कारकुनी सोयीत आहे.

यात गैसबर्ग यांचा दोष नाही. यंत्र जेवढे देऊ शकत होते तेवढे त्यांनी घेतले. परंतु परिणाम असा झाला की, तीन मिनिटांत बसेल ते गाणे टिकले आणि जे बसणार नव्हते ते गेले. भास्करबुवा बखले १९२२ साली वारले. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. दोघांच्याही गाण्याची एकही मुद्रिका आपल्याजवळ नाही. त्यांच्याविषयी आपण वाचतो ते शिष्यांच्या व श्रोत्यांच्या आठवणीतून. उलट १९२५ साली विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले, कर्ण्याची जागा मायक्रोफोनने घेतली आणि हलका, नाजूक आवाजही टिपता येऊ लागला. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या १९३७ साली झालेल्या मृत्यूपूर्वीच्या काही वर्षांतील तबकड्या ऐकाव्यात. तो बारीक, आर्त स्वर कर्ण्याच्या काळात मेणावर उमटताच ना. खाँसाहेबांचे नाव घरोघर पोहोचले त्यास त्यांची प्रतिभा कारण होतीच, पण मायक्रोफोनही कारण होता, हे आपले संगीतचरित्रकार सांगावयाचे विसरतात.

मिनिटे मात्र तीनच राहिली. शिवाय तबकडीत गवयासमोर कोणी नसे. एक बंद खोली, भिंतीवर जाड कापड, काचेआडून हात दाखविणारा तंत्रज्ञ. ज्या संगीताचा निम्मा जीव समोरच्या माणसाच्या डोळ्यांत असतो, ते असे निर्जनात गावयाचे. केसरबाई केरकरांची भैरवीची तबकडी, ‘जात कहाँ हो’ ही, सुमारे साडेतीन मिनिटांची आहे. १९७७ च्या सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. त्याच महिन्यात निघालेल्या व्हॉयेजर यानावरील सोनेरी तबकडीत ती भैरवी समाविष्ट केलेली आहे व आज ती सूर्यमालेपलीकडे चालली आहे. गाणे अप्रतिम आहे. पण दुसऱ्या ग्रहावरील कोणास ते कधी काळी ऐकू आले, तर या बाई कोणासाठी गात होत्या हे त्यास त्यावरून समजणार नाही.

हे चित्र बदलले ते चुंबकीय फितीने. जर्मनीत १९३५ च्या सुमारास हे यंत्र लोकांसमोर आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभर पसरले, आणि आपल्याकडील सधन रसिकांच्या घरी, पुष्कळदा परदेशातून येणाऱ्या कोणा आप्ताच्या सामानातून, स्पूलचे यंत्र येऊ लागले. ७ इंची स्पूलवर १२०० फूट फीत मावे. सेकंदास पावणेचार इंच या गतीने ती तासाहून थोडी अधिक चाले. एक तास! मनुष्याच्या हाती प्रथमच असे साधन आले की, ज्यात विलंबित ख्याल आलापापासून द्रुतापर्यंत अखंड राहू शकेल. आणि तेही कंपनीच्या परवानगीवाचून, घरच्या सतरंजीवर. १९६३ साली फिलिप्स कंपनीने लहान कॅसेट काढली व पुढे प्रती काढणे हा घरगुती उद्योग झाला. ९० मिनिटांच्या कॅसेटीची एक बाजू ४५ मिनिटांत संपे; त्यामुळे कितीतरी मैफलींत नेमकी रंगाची जागा आली की ‘खट्’ असा आवाज होऊन गाणे तुटते, आणि दुसरी बाजू लावेपर्यंत गवई दोन आवर्तने पुढे गेलेला असतो. ज्यांनी या प्रतींवर प्रेम केले त्यांना ही तुटकी जागाही पाठ आहे. आमच्या मामांच्या सोबत्यांना ती तेथे यावयाचीच असे वाटे. पुढे एका ठिकाणी अखंड प्रत ऐकावयास मिळाली, तेव्हा आम्हांस क्षणभर काही चुकल्यासारखे झाले.

वसंतरावांच्या बाबतीत तर फितीचे उपकार विशेष आहेत. बालपणी नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले. १९३५ साली भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ या बोलपटात कृष्णाची भूमिका केली. लाहोरला जाऊन असद अली खाँ यांच्याकडे मारवा घोटला. मास्टर दीनानाथांच्या गायकीचा ठसा त्यांच्यावर होता. इतकी तयारी असलेला हा गवई पुढे पुण्यास लष्करी हिशेब खात्यात सुमारे दोन तपे कारकुनी करीत राहिला. दिवसा आकडे, रात्री गाणे. १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले, जितेंद्र अभिषेकींच्या संगीतात त्यांनी खाँसाहेबांची भूमिका गाजविली, आणि महाराष्ट्रास त्यांची ‘ओळख’ झाली. तेव्हा त्यांचे वय ४७ होते. मग त्याआधीचे वसंतराव कोठे आहेत? ते मित्रांच्या दिवाणखान्यांत आहेत. पु. ल. देशपांडे यांच्यासारखे स्नेही पेटीवर बसत आणि रात्र सरे. त्या रात्रींपैकी ज्या थोड्या कोणी फितीवर धरून ठेवल्या तेवढ्याच आपल्या. कंपन्यांनी काढलेल्या मुद्रिकांवरून वसंतरावांचा इतिहास लिहू पाहील तो त्यांची निम्मी हयात गाळील, व जी राहील तीही नाट्यपदांच्या लांबीने मोजील.

हे भाग्य केवळ वसंतरावांचे नव्हे. क्षयाने जायबंदी झालेल्या कुमार गंधर्वांनी नव्या श्वासाने जे गाणे उभे केले, त्याचे आर्जव मोठ्या मंडपापेक्षा घरच्या बैठकीतल्या मुद्रणांत अधिक भेटते, असा आमचा अनुभव आहे. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने पुढे मैफलींची ध्वनिमुद्रणे कॅसेटरूपाने रीतसर प्रसिद्ध केली, त्यामुळे ही आवड चोरटी राहिली नाही. पण ती आवड निर्माण केली कोणी? प्रतीवरून प्रत काढणाऱ्या, एस.टी.च्या पिशवीतून कॅसेट गावी नेणाऱ्या अनाम लोकांनी.

परदेशांतही असेच घडले आहे. न्यूयॉर्कमधील ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातील जलसागृहात २५ जून १९६१ रोजी, रविवारी, बिल इव्हान्स या पियानोवादकाने दोन साथीदारांसह दुपारी व रात्री मिळून पाच वेळा वादन केले. ते मुद्रित झाले व त्यातून दोन तबकड्या निघाल्या. जॅझ नावाच्या त्या संगीताचे आम्ही जाणकार नाही; पण एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून ऐकले, आणि पहिल्याच मिनिटास इंझोरीची ओसरी आठवली. पेल्यांची किणकिण आहे, कोणी कुजबुजत आहे, कोणी हसत आहे, आणि पियानो त्या सर्वांच्या खालून, कोणाची तक्रार न करता, बोलत आहे. त्यातील बासवादक स्कॉट लाफारो पंचविशीतला तरुण होता. अकराच दिवसांनी मोटारीच्या अपघातात तो दगावला. ऐकणाऱ्यास हे ठाऊक असते. म्हणून त्या कुजबुजणाऱ्या मंडळींचा थोडा राग येतो, थोडा हेवाही वाटतो. त्यांना काही ठाऊक नव्हते, पण ती तेथे होती. साठ वर्षे उलटून गेली तरी जगभरचे श्रोते त्या मुद्रणास जिवापाड जपतात.

यावरून आमचा तर्क असा आहे. तबकडीतील गाणे आपल्याला उद्देशून असते. बैठकीच्या मुद्रणातील गाणे दुसऱ्यांस उद्देशून असते व आपण दाराआडून ते ऐकतो. पहिल्यात आपण गिऱ्हाईक, दुसऱ्यात आगंतुक. आणि आगंतुकास जे लाभते ते गिऱ्हाइकास कधी लाभत नाही. इंझोरीच्या माणसास पुण्याच्या त्या दिवाणखान्यात कोणी बोलाविले नसते. त्यास तेथे कसे बसावे हेही समजले नसते. कॅसेटीने त्याला तेथे नेऊन बसविले, नुसते बसविले नाही तर दाद केव्हा द्यावी हे शेजाऱ्याच्या आवाजावरून शिकविले. खंजिरीवाल्या गृहस्थांची मान समेवर हलू लागली ती अशी. भजनात ऐकणारा आणि गाणारा असा भेद नसतो. सगळेच टाळ धरतात. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने घडविलेला हा वऱ्हाडी कान बंद खोलीतील एकट्या आवाजापाशी अवघडे, पण माणसांनी भरलेल्या खोलीत सहज शिरला. खोकला, बांगडी, पेला हे त्याला दोष वाटलेच नाहीत. गाणे माणसांत चालले आहे याची ती खूण होती.

या प्रेमाची दुसरीही बाजू आहे व ती झाकून ठेवणे बरे नव्हे. गवयाला विचारले होते काय? कित्येकदा विचारलेले असे, कित्येकदा नसे. केसरबाईंनी आपल्या गाण्याच्या मुद्रणासंबंधी कडक धोरण ठेवले होते, आणि त्यामागे अहंकारापेक्षा जाण अधिक होती असे आम्हांस वाटते. आज गायिलेले उद्या कोठे, कोणाच्या हाती, कोणत्या मनःस्थितीत ऐकले जाईल, यावर कलावंताचा ताबा राहत नाही. आपल्याकडील १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात सादरकर्त्याच्या हक्काला जागाच नव्हती. १९९४ च्या दुरुस्तीने ती प्रथम झाली. म्हणजे ज्या काळात ही मुद्रणे झाली, त्या काळात गवयाचे संरक्षण केवळ यजमानाच्या सभ्यतेवर अवलंबून होते. शिवाय काही संग्राहकांनी फितींचे कृपणाच्या धनासारखे केले. स्वतः ऐकतील, पाहुण्यास दोन मिनिटे ऐकवून यंत्र बंद करतील आणि ‘ही प्रत दुसऱ्या कोणाकडे नाही’ असे सांगण्यात धन्यता मानतील. त्या मानाने प्रत काढून देणारे ते पुण्याचे स्नेही कायद्याने चुकले असतील, पण रसिकतेने नाही.

आता त्या कॅसेटीची हकीकत. मामा गेल्यावर ती आमच्याकडे आली, आणि आमच्याच धांदरटपणामुळे एके दिवशी यंत्रात गुंतून तुटली. सुमारे एक वीत फीत चुरगळली. ती पेन्सिलीने गुंडाळून, चिकटपट्टीने जोडून आम्ही कशीबशी सांधली. त्या वितीत मारव्याचा कोणता कोमल ऋषभ गेला, याची रुखरुख अजून आहे. पुढे आमच्या भाच्याने ती संगणकावर उतरवून घेतली व मोठ्या कौतुकाने ‘स्वच्छ’ करून आणली. खरखर गेली होती. खोकला गेला होता. मूल, बांगड्या, सायकल, सर्व काही गेले होते. आवाज जणू काचेच्या कपाटात ठेवल्यासारखा दिसत होता. ती प्रत घेऊन आम्ही इंझोरीस गेलो. मामी आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी थोडा वेळ ऐकले आणि विचारले, “हे कोणाचं व्हय? आपल्या कॅसेटीतली मंडळी कुठं गेली?” भाच्याने मूळ उतारा पुन्हा लावून दिला. मूल रडल्याबरोबर मामींनी, नेहमीप्रमाणे, “आता आत नेईल त्याला” असे म्हटले. आणि बांगड्या वाजल्या.

ते मूल आता साठीकडे झुकलेले असावे. ते कोणाच्या घरचे होते, तबल्यावर व पेटीवर कोण होते, ही बैठक ‘कट्यार’च्या पूर्वीची की नंतरची, याचा शोध आम्ही पुष्कळ केला, परंतु लागला नाही. अशा ध्वनिफिती वाचकांपैकी अनेकांच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर असतील. जुन्या फितीवरील लेप चिकट होऊन सुटतो व एकदा सुटला की परत बसत नाही, म्हणून त्यांची नक्कल लवकर करून घ्यावी. आणि ज्यांच्या घरी वडील माणसे अद्याप आहेत, त्यांनी त्यांना विचारून वेष्टणावर स्थळ, साल व साथीदारांची नावे लिहून ठेवावीत. पुण्यातील एखाद्या घरी झालेल्या, मारव्याच्या प्रारंभी मूल रडते अशा बैठकीविषयी कोणास काही ठाऊक असल्यास त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर अवश्य कळवावे.